म्हातारपणची शिदोरी



सकाळी वावरात जायला निघालो की आपण फडक्यात भाकर बांधून घेतो. सोबत चटणी घेतो, कांदा घेतो. तेव्हा भूक लागलेली नसते. पण दुपारी ती लागणार हे आपल्याला ठाऊक असते. ऐन दुपारी, धुऱ्यावर बसून, चूल कोण पेटवणार? म्हणून शिदोरी सकाळीच बांधायची असते.

आयुष्याचेही तसेच आहे. हातपाय चालतात तोवर सकाळ. हातपाय थकले की दुपार टळली. त्या वेळी पोटाला काय? अंगावर काय? औषधाला पैसा कुठून? मुले पाहतील, असे आपण म्हणतो. चांगली मुले पाहतातही. पण मुलांचेही पोट हातावर असते. म्हाताऱ्या माणसाच्या कनवटीला चार पैसे असले, तर घरात त्याचा शब्द चालतो. नसले, तर चहाचा कप मागतानाही जीव संकोचतो.

पुष्कळांना वाटते, ‘पेन्शन मास्तरला, पोलिसाला, पटवाऱ्याला. आपल्याला कुठली पेन्शन?’ हा समज खरा नाही. कारखान्यात, गिरणीत, खाणीत, दवाखान्यात, मोठ्या दुकानात, ठेकेदाराकडे काम करणाऱ्या लाखो माणसांसाठी कायदा आहे. पण कायदा असून भागत नाही. तो आपल्याला वाचता आला पाहिजे. आता तुम्ही वाचू लागला आहात. म्हणून हा धडा.

नागपूरच्या गिरणीची गोष्ट

पूर्वी गावात सालदार असे. पाडव्याला त्याचे साल ठरे. वर्षाला इतके पैसे, इतके धान्य, एक घोंगडे, एक जोडा. तो राबे तोवर हे सारे मिळे. म्हातारा झाला की साल संपले. मालक दयाळू असला तर ओसरीवर बसू देई, जेवायला घाली. नसला तर नाही. सारा कारभार मर्जीचा.

मग शहरात गिरण्या आल्या. जमशेटजी टाटांनी नागपुरात कापडाची मोठी गिरणी काढली. १ जानेवारी १८७७ रोजी ती सुरू झाली. त्याच दिवशी इंग्लंडच्या राणीला ‘हिंदुस्थानची सम्राज्ञी’ हा किताब मिळाल्याचे दिल्लीत जाहीर झाले. म्हणून गिरणीचे नाव एम्प्रेस मिल पडले. बेझनजी दादाभाई मेहता हे तिचे व्यवस्थापक होते.

गिरणीपुढे एक अडचण आली. रोज पुष्कळ कामगार गैरहजर राहत. शेतीचे दिवस आले, लग्नसराई आली, की माणसे गावाकडे निघून जात. दुसरा मालक असता तर त्याने दंड बसवला असता. टाटांनी निराळा विचार केला. माणूस कामावर टिकावा असे वाटत असेल, तर त्याला पुढच्या दिवसांचा भरवसा दिला पाहिजे. त्यांनी नियमित येणाऱ्यांना बक्षिसे सुरू केली. १८८६ साली पेन्शनचा निधी काढला. १८९५ साली कामावर अपघात झालेल्यांना भरपाई देणे सुरू केले. १९०१ साली भविष्य निर्वाह निधी, म्हणजे प्रॉव्हिडंट फंड, सुरू केला.

ही साले नीट पाहा. जर्मनी हा युरोपातला पुढारलेला देश. तिथे कामगारांच्या म्हातारपणाचा विमा कायद्याने आला १८८९ साली. नागपूरच्या गिरणीत पेन्शनचा निधी त्याच्या तीन वर्षे आधी निघाला होता. ही आपल्या शहराला भूषणाची गोष्ट आहे.

पण यातही एक उणीव होती. ही एका मालकाची चांगली बुद्धी होती. शेजारच्या मालकाला तशी बुद्धी झाली नाही, तर त्याच्या कामगाराने काय करावे? चांगुलपणाला कोर्टात दाद मागता येत नाही.

मर्जी गेली, कायदा आला

देश स्वतंत्र झाला. आपली राज्यघटना झाली. तिच्या ४१ व्या कलमात लिहिले आहे की, सरकारने आपल्या ऐपतीप्रमाणे म्हातारपणी, आजारपणी आणि बेकारीत माणसाला मदत मिळण्याची तजवीज करावी.

१९४८ साली कोळशाच्या खाणीतील कामगारांसाठी निधीचा कायदा झाला. उमरेड, सावनेर, सिल्लेवाडा या बाजूचे खाणकामगार त्याच निधीत येतात. त्यांचे निधीचे कार्यालय वेगळे असते. हे खाणीत काम करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

१९५२ साली इतर कारखान्यांसाठी भविष्य निर्वाह निधीचा कायदा झाला. आरंभी तो सहा उद्योगांनाच लागू होता : कापड, लोखंड-पोलाद, सिमेंट, कागद, सिगारेट आणि यंत्रकाम. तेही कारखान्यात ५० माणसे असतील तर. पगारातून शेकडा सव्वासहा कापायचे आणि मालकाने तितकेच घालायचे. शेकडा सव्वासहा म्हणजे त्या काळच्या हिशेबाने रुपयामागे एक आणा. कामगाराचा एक आणा, मालकाचा एक आणा.

पुढे कायद्याचा पसारा वाढला. १९६० साली ५० माणसांची अट २० वर आली. १९७१ साली कुटुंबाची पेन्शन सुरू झाली. १९७६ साली निधीला विमा जोडला. १६ नोव्हेंबर १९९५ पासून कामगाराला स्वतःला महिन्याची पेन्शन देणारी योजना आली. १९९७ साली कापण्याचा दर बहुतेक ठिकाणी शेकडा १२ झाला.

या सगळ्यातून एकच गोष्ट ध्यानात धरायची. ही पेन्शन म्हणजे भीक नव्हे, बक्षीसही नव्हे. हा आपलाच पगार आहे. आज हातात न देता उद्यासाठी बाजूला ठेवलेला पगार. आपल्याच घामाचा पैसा मागताना मान खाली घालायचे कारण नाही.

हिशेब असा असतो

समजा, एक कामगार आहे. आपण त्याला सखाराम म्हणू. त्याचा महिन्याचा पगार १०,००० रुपये आहे.

सखारामच्या पगारातून शेकडा १२ कापले. झाले १,२०० रुपये. मालकाने स्वतःच्या खिशातून तितकेच घातले. झाले आणखी १,२००.

मालकाच्या १,२०० चे दोन भाग होतात. ८३३ रुपये पेन्शनच्या खात्यात जातात. उरलेले ३६७ रुपये निधीत जातात. पेन्शनच्या खात्यात सरकारही थोडी भर घालते.

म्हणजे निधीत दर महिन्याला जमले १,२०० अधिक ३६७. एकूण १,५६७ रुपये. वर्षाचे झाले १८,८०४. त्यावर व्याज मिळते. २०२४-२५ या वर्षाला व्याजाचा दर शेकडा सव्वाआठ होता. निधीचे पैसे व्याजासह सखारामला एकरकमी मिळतात.

पेन्शन मात्र दर महिन्याला मिळते. तिचा हिशेब सोपा आहे. शेवटच्या पाच वर्षांच्या पगाराची सरासरी घ्या. नोकरीच्या वर्षांनी गुणा. ७० ने भागा.

सखारामने १४ वर्षे नोकरी केली. तर १०,००० गुणिले १४, भागिले ७०. उत्तर आले २,०००. वयाच्या ५८ व्या वर्षापासून, मरेपर्यंत, दर महिन्याला २,००० रुपये.

ही रक्कम फार मोठी नाही, हे आम्हालाही दिसते. २०१४ साली कमीत कमी पेन्शन १,००० रुपये ठरली. आजच्या महागाईत तेवढ्यात औषधपाणीही भागत नाही. ती ७,५०० करावी अशी पेन्शनरांची मागणी आहे. त्यासाठी आपल्याच विदर्भात, बुलढाण्याला, म्हाताऱ्या माणसांनी साखळी उपोषण केले. मागणी करणे हा त्यांचा हक्क आहे. पण जे थोडे मिळायचे तेही आपल्या निष्काळजीपणाने बुडू नये, हे पाहणे आपल्या हाती आहे. ते कसे बुडते, ते आता पाहू.

सहा आणि आठ

पेन्शनला एक मोठी अट आहे. नोकरी निदान १० वर्षांची पाहिजे. १० वर्षे भरली नाहीत तर महिन्याची पेन्शन नाही. थोडी एकरकमी परत मिळते, आणि संबंध संपतो.

आता सखारामची गोष्ट पुन्हा पाहा. त्याची १४ वर्षे एका ठिकाणी झाली नव्हती. आधी ६ वर्षे तो हिंगण्याला एका कारखान्यात होता. मग ८ वर्षे बुटीबोरीला दुसऱ्या कारखान्यात.

पहिली नोकरी सुटली तेव्हा शेजारी म्हणाला, ‘‘सखारामभाऊ, पैसे काढून घे ना! कशाला सरकारजवळ ठेवतो?’’

सखाराम घरी आला. बायकोला म्हणाला, ‘‘अवं, निधीचे पैसे काढू म्हणतो. घरावर टिना टाकू.’’

ती म्हणाली, ‘‘टिना पुढच्या साली टाकू. काढले तर सहा वर्षं जातील ना हो? मास्तरनं वर्गात सांगितलं, दहा भरल्याबिगर महिन्याचं मिळत नाही.’’

सखारामने ऐकले. त्याने पैसे काढले नाहीत. जुने खाते नव्या खात्याला जोडून घेतले. सहा आणि आठ मिळून चौदा झाले. त्याला महिन्याला २,००० रुपये मिळाले.

ऐकले नसते तर? सहा वर्षे पुसली गेली असती. उरली असती आठ. आठ म्हणजे दहापेक्षा कमी. म्हणजे महिन्याची पेन्शन शून्य. माणूस तोच, घाम तोच, वर्षेही तितकीच. एका अर्जाने शून्याचे दोन हजार झाले.

२०१४ सालापासून प्रत्येक कामगाराला बारा आकड्यांचा एक कायमचा नंबर मिळतो. त्याला युएएन म्हणतात. नोकरी बदलली तरी हा नंबर बदलत नाही. बैलाच्या अंगावरचा डाग जसा बाजार बदलला तरी बदलत नाही, तसा. नव्या मालकाकडे गेलात की पहिल्याच दिवशी हा नंबर सांगा. दुसरा नवा नंबर काढू देऊ नका. नंबर वहीत लिहून ठेवा. घरातल्या दुसऱ्या माणसालाही तो ठाऊक असू द्या.

मालकाने काय करायचे असते

आज आपण कामगार असू. उद्या आपल्यापैकी कोणी जिनिंग काढील, कोणी भाताची गिरणी घालील. तेव्हा मालकाची कर्तव्ये दोघांनाही ठाऊक पाहिजेत.

एक : २० किंवा अधिक माणसे कामावर असली की निधीच्या कार्यालयात नोंद करायची. यात बाया, पुरुष, ठेकेदाराची माणसे, सारी मोजायची.

दोन : माणूस कामावर लागला त्या दिवसापासून त्याचे खाते धरायचे. ‘आधी वर्षभर काम कर, मग फंड लावू’ असे म्हणता येत नाही.

तीन : दोघांचे पैसे पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत भरायचे. उशीर झाला तर मालकाला व्याज आणि दंड बसतो.

चार : मालकाने आपला हिस्सा आपल्याच खिशातून द्यायचा. तो कामगाराच्या पगारातून कापणे कायद्याला मंजूर नाही.

पाच : ठेकेदाराने पैसे भरले नाहीत, तर ज्याच्याकडे काम चालते त्या मूळ मालकाला भरावे लागतात. ‘ते ठेकेदाराचे काम’ असे म्हणून त्याला हात झटकता येत नाहीत.

सहा : पगारातून कापलेले पैसे भरलेच नाहीत, तर तो विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा होतो.

हे पैसे मालकाच्या तिजोरीत राहत नाहीत. ते निधीच्या कार्यालयाकडे जातात. काही मोठ्या कारखान्यांना स्वतःचा वेगळा निधी ठेवण्याची परवानगी असते. त्यावरही कार्यालयाची नजर असते. असे का केले? कारखान्याचा काय भरवसा? एम्प्रेस मिलचेच पाहा. शंभरांवर वर्षे तिचा भोंगा वाजला. १९८६ साली ती सरकारकडे गेली आणि २००२ साली बंद पडली. आज त्या जागेवर मोठा बाजार उभा आहे. गिरणी जाऊ शकते. म्हाताऱ्याची भाकर तिच्याबरोबर जाऊ नये, म्हणून निधी गिरणीबाहेर ठेवायचा. कारखाना मोडीत निघाला तर निधीची थकबाकी आधी द्यावी लागते, असाही नियम आहे.

निधीखेरीज आणखी एक हक्क आहे. त्याला ग्रॅच्युइटी म्हणतात. त्याचा कायदा १९७२ साली झाला. १० माणसे असली की तो लागू होतो. एका मालकाकडे ५ वर्षे काम झाले, की नोकरी सोडताना वर्षामागे १५ दिवसांचा पगार मिळतो. महिन्याचे कामाचे दिवस २६ धरतात. सखारामचा १५ दिवसांचा पगार झाला सुमारे ५,७६९ रुपये. दुसऱ्या नोकरीच्या ८ वर्षांचे झाले सुमारे ४६,००० रुपये. ही सारी रक्कम मालकाने द्यायची. यात कामगाराचा एक पैसाही कापत नाहीत. पहिल्या मालकाकडे ६ वर्षे झाली होती. तिथलीही त्याला वेगळी मिळायला हवी.

नियमांत काय बदल झाले

नियम बदलत असतात. आपल्याला बदल कळला पाहिजे.

२०१४ च्या सप्टेंबरात निधीच्या सक्तीसाठी पगाराची मर्यादा ६,५०० रुपयांवरून १५,००० केली. अशी मर्यादा वेळोवेळी बदलते. म्हणून कार्यालयात विचारून खात्री करावी.

काही मालक एक युक्ती करीत. पगार १०,००० असला तरी कागदावर मूळ पगार ४,००० दाखवायचे आणि बाकीचे ६,००० निरनिराळे भत्ते म्हणून लिहायचे. निधी कापायचा तो फक्त ४,००० वर. कामगाराला वाटे, आज हातात जास्त आले. पण मालकाचाही हिस्सा तितकाच कमी होई आणि म्हातारपणची शिदोरी निम्म्याहून हलकी होई. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, सगळ्यांना सरसकट मिळणारा भत्ता हा पगारच समजावा.

त्यानंतर कामगारांचे जुने कायदे एकत्र करून चार नव्या संहिता केल्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या अंमलात आल्या. निधी आणि ग्रॅच्युइटी ज्या संहितेत येतात, तिचे नाव सामाजिक सुरक्षा संहिता. नव्या नियमाप्रमाणे भत्ते एकूण मिळकतीच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरचा भाग पगारात धरायचा. ठरावीक मुदतीसाठी नेमलेल्या कामगाराला एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटीचा हक्क मिळाला. मोबाइलवर निरोप आला की घरोघर जेवण नि सामान पोचवणारी पोरे असतात, त्यांचेही नाव कायद्यात प्रथमच आले. आणि प्रत्येक कामगाराला लेखी नेमणूकपत्र देणे मालकावर बंधनकारक झाले.

हा शेवटचा बदल तुमच्या-आमच्या दृष्टीने फार मोठा आहे. नेमणूकपत्र हाती आले की घडी घालून खिशात टाकू नका. तिथेच वाचा. नाव पाहा. तारीख पाहा. पगार पाहा. वाचता येत नाही म्हणून अंगठा उठवण्याचे दिवस गेले.

घरी बसून विड्या वळणाऱ्या बाया

कामठी, भंडारा, गोंदिया या भागात हजारो बाया घरी बसून विड्या वळत आल्या आहेत. तेंदूपत्ता नि तंबाखू कारखान्यातून आणायचा, घरी वळायच्या, आणि विड्या नेऊन द्यायच्या. १९७७ साली निधीचा कायदा विडी उद्योगाला लागू झाला. मालक म्हणाले, ‘या बाया आमच्या कामगार नाहीत. त्या आपल्या घरी काम करतात. आमचा त्यांच्यावर ताबा कुठला?’

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८५ साली न्यायालयाने निकाल दिला. माल मालकाचा, वाईट विडी नापास करण्याचा हक्क मालकाचा, मजुरी देणारा मालक, तर घरी बसून वळणारी बाईसुद्धा त्याचीच कामगार आहे. तिलाही निधी मिळाला पाहिजे.

काम कुठे बसून केले याला महत्त्व नाही. काम कोणासाठी केले याला महत्त्व आहे. हे सूत्र साऱ्या बायांनी पाठ करून ठेवावे.

नाव आणि तारीख

आता कामाची सगळ्यांत बारीक गोष्ट. पैसा भरलेला असतो, वर्षे भरलेली असतात, तरी माणूस अडतो. कशावर? एका अक्षरावर.

आमच्या वर्गात एक बाई येत. त्यांचे यजमान एका कारखान्यात ठेकेदाराकडे चौकीदार होते. ११ वर्षे नोकरी झाली आणि एकाएकी ते वारले. बाई कार्यालयात गेल्या. तिथे कळले की, कारखान्याच्या वहीत यजमानांचे घरात हाक मारायचे नाव लिहिले आहे, आणि आधार कार्डावर पाळण्यातले नाव आहे. जन्मसालही जुळत नाही. वारसाच्या जागी नावच नाही. दोन माणसे एकच आहेत हे सिद्ध करता करता बाईंना वर्षाहून अधिक काळ खेटे घालावे लागले. त्या काळात त्यांनी लोकांच्या घरची धुणीभांडी केली. शेवटी पेन्शन सुरू झाली. पासबुकाची पहिली ओळ त्यांनी वर्गात मोठ्याने वाचून दाखवली. पण ते वर्ष त्यांना कोणी परत दिले नाही.

असे का होते? आपल्याकडे जन्मतारीख लिहून ठेवण्याची चाल नव्हती. ‘पोळ्याच्या आधी झाला’, ‘पूर आला त्या साली झाली’ अशी आपली मोजणी. मग शाळेत नाव घालताना गुरुजी १ जून लिहून टाकत. महाराष्ट्रात १ जूनला जन्मलेली माणसे म्हणून तर इतकी निघतात! तारीख कोणतीही असो, पण ती सगळ्या कागदांवर एकच असली पाहिजे. शाळेचा दाखला, आधार कार्ड, बँकेचे पुस्तक, निधीचे खाते, चारही समोर ठेवा. नावाचे अक्षर नि अक्षर जुळवून पाहा. फरक दिसला तर नोकरी चालू असतानाच दुरुस्त करून घ्या. माणूस हयात असताना हे काम एका अर्जाने होते. मागाहून त्याची बायको-पोरे दारोदार फिरतात.

वारसाचे नाव आजच लिहून द्या. कामगार नोकरीत असताना वारला तर त्याच्या विधवेला पेन्शन मिळते. त्यासाठी १० वर्षांची अट नाही. एका महिन्याचा भरणा झाला असला तरी पुरे. लहान मुलांनाही वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत, एका वेळी दोघांना, पेन्शन मिळते. शिवाय ७ लाख रुपयांपर्यंत विम्याची रक्कम असते. पुष्कळ घरांना हे ठाऊकच नसते. ठाऊक नसलेला हक्क आणि नसलेला हक्क, दोन्ही सारखेच.

ज्यांना मालक नाही त्यांनी काय करावे

आपल्यातले कितीतरी जण कास्तकार आहेत, शेतमजूर आहेत, भाजी विकतात, केस कापतात. त्यांच्यासाठीही वाटा आहेत.

अटल पेन्शन योजना २०१५ साली सुरू झाली. १८ ते ४० वर्षे वयाच्या, आयकर न भरणाऱ्या माणसाला बँकेत किंवा पोस्टात नाव नोंदवता येते. ६० व्या वर्षानंतर महिन्याला १,००० ते ५,००० रुपये मिळतात. १,००० च्या पेन्शनसाठी १८ व्या वर्षी सुरुवात केली तर महिन्याला ४२ रुपये भरावे लागतात. ४० व्या वर्षी सुरुवात केली तर २९१. शिदोरी लवकर का बांधावी, ते या दोन आकड्यांत दिसते. घरातल्या जवान पोरांना हे दोन आकडे वाचून दाखवा.

असंघटित मजुरांसाठी श्रमयोगी मानधन योजना २०१९ साली निघाली. तिच्यात आपण जितके भरतो तितकेच सरकार भरते. ६० नंतर महिन्याला ३,००० रुपये ठरलेले आहेत.

आणि ज्यांचे वय ६५ झाले, हाती काही नाही, अशा गरीब म्हाताऱ्यांसाठी महाराष्ट्र सरकारची श्रावणबाळ योजना आहे. तिची मदत २०२३ साली १,००० वरून १,५०० रुपये झाली. अर्ज तहसील कचेरीत करायचा.

आता काय करायचे

निधीच्या खात्याचे पुस्तक आता मोबाइलवरही दिसते. सरकारच्या ‘उमंग’ या सोयीत ते पाहता येते. नातवाला मोबाइल लावायला सांगा, पण आकडे स्वतः वाचा. दर महिन्याला भरणा झाला का, ते तारखेने पाहा. दोन-तीन महिने भरणा दिसला नाही तर आधी मालकाला विचारा. दाद लागली नाही तर निधीच्या कार्यालयात लेखी तक्रार द्या. नागपुरात प्रादेशिक कार्यालय आहे. तक्रारीची एक प्रत आपल्याजवळ ठेवा आणि तिच्यावर पोच घ्या. तोंडी बोलणे वाऱ्यावर जाते. लिहिलेले राहते.

पूर्वी मालकाच्या मर्जीवर म्हातारपण जाई. मग कायदा आला. कायद्याने हक्क कागदावर आणला. कागद वाचणाऱ्याचा असतो. तुम्ही अक्षरे शिकलात ती केवळ गाडीची पाटी वाचण्यासाठी नव्हेत. आपल्या घामाचा हिशेब आपल्या डोळ्यांनी पाहावा, यासाठी शिकलात.

---

शब्दांचे अर्थ

भविष्य निर्वाह निधी – पुढच्या दिवसांसाठी पगारातून साठवलेला पैसा, फंड
निवृत्ती – वय झाल्यावर नोकरीतून मोकळे होणे
हिस्सा – वाटा
वारस – आपल्या मागे आपला पैसा ज्याला मिळावा तो
संहिता – अनेक कायदे एकत्र करून केलेला मोठा कायदा
थकबाकी – द्यायची राहिलेली रक्कम
पोच – कागद मिळाल्याची सही

प्रश्न

१. एम्प्रेस मिलमध्ये पेन्शनचा निधी कोणत्या साली निघाला?
२. महिन्याची पेन्शन मिळण्यासाठी निदान किती वर्षे नोकरी लागते?
३. पगार ७,००० रुपये आणि नोकरी २० वर्षांहून कमी, म्हणजे १५ वर्षे असेल, तर महिन्याची पेन्शन किती? हिशेब वहीत करा.
४. ठेकेदाराने पैसे भरले नाहीत तर ते कोणी भरायचे?
५. घरी विड्या वळणाऱ्या बाईला निधी का मिळतो? दोन वाक्यांत लिहा.

करून पाहा

घरातले आधार कार्ड, बँकेचे पुस्तक आणि शाळेचा दाखला घ्या. तिन्हींवरचे नाव आणि जन्मतारीख वहीत एकाखाली एक लिहा. फरक असेल तिथे खाली रेघ ओढा. पुढच्या वर्गाला वही घेऊन या.